‘ऑफ’ म्हणजे सुटलं

वळसंगच्या शाळेत पहिलीत असताना गुरुजींनी शिवशरणला सांगितलं, “त्या प्रभूला हाक मार.” घरात सगळं बोलणं कानडीत, मराठी नुकती कुठं कानावर पडू लागलेली. ‘हाक’ म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ‘मार’ पक्कं माहीत होतं. तो उठला आणि प्रभूच्या पाठीत एक धपाटा ठेवून दिला. वर्ग हसला, गुरुजी हसले, रडला तो एकटा प्रभू.

पुढं हळूहळू कळत गेलं, की मराठीत उडी मारतात, रंग मारतात, मिठीसुद्धा मारतात आणि त्यात कुणालाच लागत नाही. शेजारचा शब्द बदलला की ‘मार’ पार वेगळंच काम करतं. हे त्याला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकानं शिकवलं नाही.

इंग्रजीत मात्र तो दहावीला दोनदा आपटला. एकोणिसाव्या वर्षी सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला. माग जुळवणं, बिघडला तर दुरुस्त करणं हे जॉबरचं काम. तिथले थोरले जॉबर रुद्रप्पा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला मागापाशी उभं केलं.

“हितं मागच्या बीमावरनं, ह्या मोठ्या रुळावरनं, सूत सुटतंय, त्येला लेट-ऑफ म्हनायचं. फुडं तयार कापड रुळावर गुंडाळतंय, ते टेक-अप. दोनीचा मेळ बसला तर टॉवेल, न्हाय बसला तर चिंध्या.”

“पर काका, अप म्हंजे वर की! कापड तर खाली चाललंय.”

रुद्रप्पांनी तीस वर्षांत असा विचार कधी केला नव्हता. “तू पाना दे,” एवढंच ते म्हणाले.

प्रश्न काही शिवशरणच्या डोक्यातून गेला नाही. त्यानं खिशात मावेल अशी एक डायरी घेतली आणि इंग्रजी शब्द जोडीजोडीनं लिहायला लागला. क्रिकेटचं समालोचन, मशीनवरच्या पाट्या, पुढं मोबाइल आला तेव्हा मोबाइल, मिळेल तिथून. वर्षं गेली तसा त्याचा त्याचा हिशेब जमत गेला. ‘अप’ लागलं की बहुतेक वेळा काहीतरी पुरं होतं, आवरलं जातं, गुंडाळलं जातं. ‘ऑफ’ लागलं की काहीतरी सुटतं, लांब होतं. एकदा ‘अलार्म वेंट ऑफ’पाशी गाडी अडली. ऑफ म्हणजे बंद, मग अलार्म वाजला कसा? चार दिवस डोकं खाजवलं. पाचव्या दिवशी भावकीतल्या लग्नात कुणीतरी ओरडलं, “सरका, रॉकेट सुटलं!” शिवशरण वरातीत उभ्या उभ्या हसला. अलार्मही असाच सुटतो की!

तो एक्कावन्न वर्षांचा झाला तेव्हा कारखान्यात परदेशातून नवे माग आले. देखरेखीला सोनाली मॅडम होत्या. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातल्या, घराण्यातल्या पहिल्या इंजिनिअर. पुस्तकी इंग्रजी त्यांचं उत्तम होतं. पण टॉवेलला मऊपणा देणारे सुताचे फासे आखूड पडत होते, परदेशी हॉटेलचा नमुना त्याच दिवशी पाठवायचा होता आणि व्हिडिओ कॉलवरचा माग बनवणाऱ्या कंपनीचा बेल्जियमचा इंजिनिअर भराभरा बोलत होता.

“बॅक इट ऑफ, हाफ अ टर्न,” तो म्हणाला.

“मागं घ्या म्हणतायत,” सोनाली मॅडमनी सांगितलं. माग उलटा फिरवायला कामगाराचा हात बटणाकडं गेला. उलटा फिरला असता तर ताणलेलं सूत तटातट तुटलं असतं.

“थांब!” शिवशरण पुढं झाला. “मॅडम, ते ढिला सोडा म्हनत्यात. ताण लई हाय.” आणि लाजबीज न बाळगता त्यानं मोबाइलकडं तोंड करून विचारलं, “सर, बॅक ऑफ मीन्स लूज?”

“येस, येस! लूज!”

त्यानं ताणाचा स्क्रू अर्धा वेढा ढिला केला.

“नाऊ होल्ड ऑफ,” मोबाइलमधून आवाज आला.

या वेळी सोनाली मॅडमनी आधी त्याच्याकडं बघितलं. “धरून ठेवायचं का, मामा?”

“न्हाय. हात लांब. आत्ताच सुरू करू नगा.”

इंजिनिअरनं पडद्यावरचे आकडे तपासले आणि मग चालू करायला सांगितलं. पहिले दोन हात कापड खराब गेलं, तिसऱ्या हाताला फासे भरदार उठले. शिवशरणनं टॉवेल गालाला लावून बघितला आणि मान हलवली.

जेवणाच्या सुट्टीत सोनाली मॅडम डबा घेऊन त्याच्यासमोर येऊन बसल्या. “आम्हाला कॉलेजात असल्या दोनशे जोड्यांची यादी पाठ करायला लावली होती. सगळी विसरले. तुम्हाला कसं उमगतं?”

“पाठ करूनशान न्हाय जमत, मॅडम. मी मराठीबी अशीच शिकलो की,” म्हणून त्यानं प्रभूची गोष्ट सांगितली. मॅडमना हसताना ठसका लागला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मालकांकडून दर शनिवारचा एक तास मागून घेतला. नवे माग चालवणारे अकराजण बसले. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी दखनी. मागांशेजारीच फळा, फळ्यापुढं शिवशरण. तो मागावर हात ठेवून एकेक जोडी करून दाखवी. कुणी अडलं की म्हणे, “तुज्या घरच्या बोलीत काय म्हंत्यात, ते आदी सांग.” स्पेलिंग चुकलं की मागच्या बाकावरून सोनाली मॅडम दुरुस्त करत आणि तो हसत खोडून पुन्हा लिही.

यंदा मालकांनी इचलकरंजीत नवा कारखाना काढला, तेव्हा माग बसवायला शिवशरणलाच धाडलं. सोबत इंजिनिअर नको, असं त्यानंच सांगितलं. नऊ दिवस बेल्जियमशी बोलणं त्यानं एकट्यानं केलं. जिथं कळलं नाही तिथं बेधडक पुन्हा विचारलं. दहाव्या दिवशी सकाळी घरी आला. बायकोनं, चंद्रिकानं, पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं, “जमलं का सगळं?”

“आठ माग चालू केले,” शिवशरण चपला काढत म्हणाला. “फुडल्या महिन्यात आनी आठ हायत. त्येबी मीच बसवनार.”