आमचा स्टॉपर धोंडीबा

धोंडीबा मैदानात उतरला की आधी दोन्ही पंख पाठीशी घट्ट मिटून घ्यायचा, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं हात मागं बांधतात तसा. पंखाला चेंडू लागला तर तो हँडबॉल, असा निकाल पंचांनी पहिल्याच सामन्यात दिला होता. जातीनं माळढोक, गाव तामलवाडी, उंची माझ्या छातीपर्यंत. धाराशिवच्या आमच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा मी व्यवस्थापक आणि धोंडीबा आमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात राहून समोरच्याला अडवणारा.

निवड चाचणीला तो दोन दिवस चालत आला होता. पक्षी असून उडत का आला नाहीस, असं मी विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "पाय हायती की सर. उडायचं कशापायी?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. हेडर मारायलाही तो जमीन सोडत नसे, नुसती मान लांब करी. मध्यंतरात बाकीचे लिंबू चोखत बसत, तेव्हा हा कॉर्नरच्या गवतात नाकतोडे टिपत फिरायचा आणि शिट्टी झाली की चोच पुसून हजर.

त्या मोसमात आम्ही हरेनाच. समोरचे फॉरवर्ड धोंडीबाजवळ आले की कचरायचे, वळसा घालायचे आणि वळशात चेंडू घालवून बसायचे. जिल्ह्याला हीरो मिळाला. तेरला सत्कार, वाशीला सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. माळढोकाच्या डोक्यावर फेटा टिकत नाही, घसरून गळ्यात येतो, हे दिसत असूनही प्रत्येक गावानं तो बांधलाच. भाषणांत त्याच्या खेळाबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. असे पक्षी आता किती कमी उरलेत एवढंच सांगत आणि फोटोसाठी रांग लावत.

आता माझं पाप सांगतो. प्रत्येक सामन्याआधी मी समोरच्या संघाच्या खोलीत डोकावून हळूच सांगायचो, की गडी दुर्मीळ आहे, एक पीस पडलं तरी केस होईल, जपून खेळा. केस खरंच झाली असती का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. आमचे अध्यक्ष याला डावपेच म्हणत.

वाशीच्या सत्कारात, आमच्याकडून हरलेल्या एका संघाच्या फॉरवर्डनं फोटो काढून घेता घेता हे धोंडीबाला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. फायनल एका दिवसावर आली होती. त्यानं चहाही घेतला नाही.

"सर, खरं सांगा. म्या खेळतोय, का नुसता हुबा ऱ्हातोय?"

ते मलाही माहीत नव्हतं. त्यानं अट घातली: केसबिस काही होणार नाही, असं मी स्वतः फायनलच्या समोरच्या संघाला जाऊन सांगायचं, नाहीतर तो उतरणार नाही. मला लाज वाटली. लाजेपेक्षा कपाची काळजी जास्त वाटली, हेही कबूल करतो.

फायनलला मी तसं सांगून आलो. सहाव्याच मिनिटाला त्यांच्या फॉरवर्डनं धोंडीबाला खांद्याचा असा दणका दिला की तो उताणा पडला. चार पिसं उडाली. पंचांनी फाउलसुद्धा दिला नाही. धोंडीबा उठला, अंग झाडलं, त्या फॉरवर्डकडं बघून मान डोलावली आणि चेंडूमागं असा धावला की मी बघतच राहिलो. त्या गड्यानं त्याला तीनदा चकवलं आणि तीन गोल केले. पण दोनदा धोंडीबानं त्याच्या पायातून चेंडू अलगद काढून घेतला. आम्ही हरलो. विजयाच्या सत्कारासाठी आणलेले शाली-नारळ अध्यक्षांच्या गाडीतून तसेच परत गेले.

"तीनदा त्यो गेला, दोनदा म्या आडवला," लंगडत बाहेर येताना तो म्हणाला. "त्ये दोन माजं हायत, सर."

आठवडाभरात क्लबनं त्याला काढलं. पत्र मीच टाइप केलं: खेळ अपेक्षेइतका नसल्यामुळे करार संपवण्यात येत आहे. ते देताना माझे डोळे भरून आले. त्यानं मात्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"माज्या खेळाबद्दल लिवलेला ह्यो पयलाच कागद, सर," तो म्हणाला, आणि पत्र माझ्यापुढं धरलं. "ह्याच्यावर क्लबचा शिक्का पण मारा की."

मी शिक्का मारून दिला.