जाहिरातीची वाट

ठाकुर्लीच्या बेबीमावशी कल्याणला विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलात चपात्या लाटतात. पूर्वी हॉलमध्ये केबलवर मालिका चालायची आणि जाहिरात लागली रे लागली की सगळ्या पोरी ताटं घेऊन त्यांच्या तव्याभोवती जमायच्या. एकीने सासूचं नवं कारस्थान सांगायचं, बाकीच्यांनी मध्येच तिला खोडून काढायचं. मावशींनी एकही मालिका डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण चुकली एकही नाही.

आता जी ती कानांत बोळे कोंबून, मोबाइल बघत एकटी जेवते.

परवा त्यांतल्याच एका पोरीने, जागृतीने, त्यांना कौतुकाने आपल्या मोबाइलवर मालिका लावून दिली. मावशी बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, जाहिरात कधी लागायची?"

"यात नसतेच, मावशी! मस्त ना?"

"डोंबल मस्त! मग पोरी यायच्या कधी?"