शमीमनं मोजलेलं फॉर्मालिन

शमीम गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं कागलहून फोनवर सांगितलं. "आपा गेली, डॉक्टर..." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. त्याला आता महिना उलटून गेला. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासते, आणि रसायनांचं सगळं शमीम मुजावर बघायची. कॉलेजपासूनची मैत्रीण. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकतो. पण ते पातळ पडलं तर तुकडा आतून नासतो. बाटलीवर काहीही छापलेलं असो, प्रत्येक नव्या द्रावणाची तीव्रता शमीम स्वतः मोजायची. थेंबाथेंबानं आम्ल सोडत, निळा रंग जाऊन पाणी नितळ होईपर्यंत नजर हलायची नाही. मी घाई केली की म्हणायची, "थांब की जरा. पेशी नासल्या तर तू काय बघणार, आणि जिची गाठ हाय तिला काय सांगणार?"

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिनं असंच मोजून एक बरणी भरली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्यासमोर ठेवली. "उद्या माझी गाठ काढणार हायत. ह्यातच घालायला सांगतो. बघायची मात्र तूच." मी बरणी हातात घेतली. ती तोवर काचेची भांडी धुवायला लागली होती...

सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी इतक्या स्पष्ट दिसत होत्या! कुठं धूसर असतं, तर शंकेच्या नावाखाली मी थोडे दिवस तरी ढकलले असते. बाहेर आले तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"तुकडा नीट टिकलाय न्हवं?"

"टिकलाय."

"मग चूक व्हायची न्हाय," म्हणाली आणि खुर्चीत बसली.

उपचार झाले. केस गेले, परत आले, मध्ये ती कामावरही यायला लागली. मग दुखणं हाडांत उतरलं.

तपासणी झाल्यावर उरलेला तुकडा आम्ही मेणाच्या वडीत बसवून कपाटात ठेवतो. परवा कपाट लावताना तिची वडी हाताला लागली. पिवळट मेणात नखाएवढा करडा ठिपका. तिचं आमच्याकडं राहिलेलं एवढंच, आणि त्यानंच तिला नेलं. तळव्यावर थंडगार लागली. थोडा वेळ तशीच धरून उभी राहिले... मग जागेवर ठेवून कप्पा लावला.