भोकांचा पुठ्ठा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की घरातली हिमरू शाल मी कपाटात मागे सारतो.

तेव्हा मी औरंगाबादला एका ठाण्याचा प्रभारी होतो. कॉलेजच्या रस्त्यावर गांजा भरलेल्या तयार सिगारेटी विकल्या जातात, अशी खबऱ्याची बातमी होती. सापळा लावला. विकणारा निसटला, पण गिऱ्हाईक पंचांसमक्ष मालासह सापडले. सिगारेटीच्या तोंडाला फिल्टर म्हणून जाड पुठ्ठ्याची गुंडाळी बसवलेली होती. एक उलगडली, तर पुठ्ठ्याला गोल भोके. दुसरीलाही तशीच. धूर यायला पाडली असतील, असे आमच्या जमादारांचे मत पडले. पोलिसाला पहिले सुचलेले उत्तर फार लवकर पटते.

तशी भोके मी बायकोसाठी शाल घेताना पाहिली होती. हिमरूच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली असते. पत्ता ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतो, त्याच्या भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि कापडावर नक्षी उतरते. विणकर या पुठ्ठ्यांना पत्ते म्हणतात. शहरात माग उरले होते थोडेच. एका घरी पत्त्यांची माळ कापलेली दिसली. म्हातारा विणकर खाटेला खिळलेला, माग बंद. त्याच्या तरुण मुलाला ठाण्यात आणले.

बराच वेळ तो नुसता नाही म्हणत राहिला. उलगडलेले फिल्टर मी टेबलावर मांडले, तेव्हा पत्ते कापून सिगारेटी आपणच भरल्याचे त्याने कबूल केले.

"माग तर बंदच पडला व्हता, साब. आन् हा पुठ्ठा ओठात भिजत नाय."

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

पुरावा म्हणून उरलेले सगळे पत्ते जप्त करणे भाग होते. पंचनामा चालू असताना म्हाताऱ्याने मुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढेच विचारले, "तुमच्याकडं वाळवी तर नाय ना, साब?"

मुलगा जामिनावर सुटला. पत्ते मात्र निकालापर्यंत ठाण्याच्या मालखान्यातच राहिले. तोवर म्हातारा वारला होता.

शिक्षा भोगून झाल्यावर मुलगा कोर्टाचा हुकूम घेऊन गठ्ठा न्यायला आला. वाळवी लागली नव्हती. त्याने एकेक पत्ता उजेडात धरून पाहिला.

"माग पुन्हा लावावा म्हणतो," तो म्हणाला. "यातला पहिला कोणता, साब?"

पत्त्यांवर आकडे नव्हते. ओवलेला दोरा त्यानेच कापला होता, आणि क्रम फक्त बापाला ठाऊक होता. मुद्देमाल परत केला म्हणजे गेलेले परत मिळाले असे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि पोचपावतीवर सही घेतली.