एका खणात एकच माणूस

माझे धाकटे दीर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. येतात, जेवतात, आपलं ताट आपण घासतात आणि जातात. लग्न जमलं नाही, मग तो विषयच मागे पडला. माझे यजमान त्यांना 'चौकोनराव' म्हणतात, कारण त्यांना सगळं टेबलात, आखलेल्या रकान्यांत लागतं.

त्यांची कंपनी आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनची यंत्रं पोचवते. हॉस्पिटलची सिस्टिम वेगळी, गाड्यांची वेगळी, बिलांची वेगळी. कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही, नुसते निरोप धाडतात. निरोप एक्सएमएल नावाच्या संगणकी मांडणीत येतो. "गाठोडं असतं, वहिनी," त्यांनी मला समजावलं होतं. "गाठोड्यात पुरचुंडी, तिच्यात आणखी काही. आणि टेबल म्हणजे खणांचं कपाट. एका खणात एकच वस्तू." गाठोडं सोडून खणांत लावायचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. पण मूळ गाठोडीही ते एका कोपऱ्यात जपून ठेवत. त्यांच्या साहेबांची कुरकुर चाले, जागा अडते, टाकून द्या. भावोजी हो हो म्हणत आणि टाळत.

त्या रविवारी पहिला घास तोंडात जातोय तोच गाडीवाल्याचा फोन. एका आजींचं यंत्र बंद पडलेलं, हा नवं घेऊन दाराशी उभा.

"दार उघडत नाहीत, साहेब. तुम्ही दिलेला नंबर फिरवतोय, तो परदेशातला दिसतोय. कुणी उचलत नाही."

"आतून काही आवाज?"

"मघाशी खोकल्याचा होता. आता तोही नाही."

उजवा हात उष्टा, म्हणून भावोजींनी डाव्या हातानंच लॅपटॉप उघडला. मी ताट बाजूला सारलं. "टाकलं नसेल ना... टाकलं नसेल ना..." ते पुटपुटत होते. मूळ निरोप सापडला. त्यात संपर्क दोन होते. आधी शेजारचा शिंपी, 'किल्ली याच्याकडे' अशा टिपेसकट. मग परदेशातली लेक. टेबलात खण एकच, त्यामुळे लेकीनं शिंप्याला पुसून टाकलं होतं.

भावोजींनी गाडीवाल्याला शिंप्याकडे धाडलं; तो दुकानातच होता. फोन चालू ठेवून आम्ही ऐकत राहिलो. कुलूप, पावलं, बराच वेळ काहीच नाही, मग यंत्राची घरघर. शेवटी गाडीवाला म्हणाला, "आजी शिव्या घालतायत, साहेब. म्हणजे ठीक आहेत."

यजमान खो खो हसले. भावोजी गार झालेल्या ताटाकडे बघत होते.

"तो एकच खण मी ठेवला होता, वहिनी. माणसाला किती नंबर असणार, असं वाटलं. दुसरा नंबर दुसऱ्याच कुणाचा असतो, हे सुचलंच नाही मला."

मी भात गरम करून आणला.

पुढे त्यांनी संपर्कांचं वेगळं टेबल केलं. माणूस एक, त्याच्या नावाखाली ओळी हव्या तेवढ्या; आणि मूळ निरोप शेजारी जसाच्या तसा. या वेळी साहेबांनी जागेचं नाव काढलं नाही.

एका संध्याकाळी माझा फोन वाजला.

"चाचणी घेतोय, वहिनी. रुग्ण म्हणून मलाच घातलंय. खाली तुमचा नंबर दिला तर... चालेल ना?"

"विचारता काय! तुमच्या दादाचाही घाला."

"माझा आधी घाल रे, चौकोनराव!" यजमान आतून ओरडले.

पलीकडे की-बोर्डची टकटक झाली आणि थांबली.

"घातला," ते म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मीही तो कानाशी धरून भाजी निवडत बसले.