लॉरीत पायाळू कोण?

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती गेली, तेव्हा शेवटचे दोन दिवस तिच्या उशाशी बसून होतो — तेव्हाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माझं मलाच नवल वाटतं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल.

आधी वादळाचं सांगतो. ते सोपं आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी रिसोडहून कारंज्याला तुरीची पोती न्यायचो. पेट्रोल मिळेना म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले; चढ आला की माणसं उतरून ढकलत. मला पहिल्यापासून आभाळाचा नाद. वारा आधी पडतो की आधी गार होतो? गारांच्या ढगाला खालून हिरवट झाक का येते? गाडी चालवता चालवता माझं हेच चाले. त्यातून मी माझे नियम केले होते. झाडाखाली थांबायचं नाही. नाल्यात गाडी घालायची नाही. मोकळ्यावर उभं राहायचं, गाडी वाऱ्याला आडवी ठेवायची नाही, आणि काही झालं तरी खाली कुणी उतरायचं नाही. ताडपत्रीखाली, पोत्यांच्या मधे — त्या वाटेवर त्याहून बरी जागा नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता पायाळूचं. पायांकडून जन्मलेला तो पायाळू. आमच्याकडं त्याचा मानही होता आणि धास्तीही. पाठीत चमक भरली की त्याचा पाय लावून घ्यायचा, आणि वीज कडाडली की त्यालाच लांब ठेवायचं — वीज पायाळूला शोधत येते म्हणतात. तिला कसं कळतं, कोण कसा जन्मला ते? लहानपणी मी आईला हे विचारलं, तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला.

हो, मी पायाळू आहे. आईनं आणि सुइणीनं ते दाबून टाकलं. लॉरीवर कामाला ठेवताना मालकानं विचारलं, "पायाळू-गियाळू तं नाही ना रे?" मी नाही म्हणालो. पुढं त्याच मालकाला चमक भरली, आणि गावात पायाळू शोधायला त्यानं पाठवलं कुणाला? मला! मी शोधूनही आणला.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. एवढंच नाही.

चैत्राची अखेर, दुपार टळलेली. मालेगाव सोडून मंगरूळच्या वाटेला लागलो होतो. पोत्यांवर चार माणसं बसली होती. त्यातला एक भिकाजी, वाटेतल्या खेड्यातला माळी, वांग्यांची टोपली घेऊन मंगरूळच्या बाजाराला निघालेला. हिरवट ढग दिसला. मी नियमाप्रमाणं माळावर गाडी उभी केली, ताडपत्री ओढून बांधली आणि मीही आत शिरलो. पहिली वीज पडली तशी एक कापडवाला ओरडला, "गाडीत कोनी पायाळू हाये का?"

माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. तरी मीच — मला कुणी विचारलं नसताना — त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो, "सांगा ना! कोन हाये?"

"मी हाये, भाऊ," भिकाजी म्हणाला. "साऱ्या गावाले ठाव हाये, लपवू कायले?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. लॉरीत ड्रायव्हरचा शब्द चाले. 'बस खाली' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "उतर. लांब जाऊन उभा राह्य."

का म्हणालो? त्याची बाजू घेतली तर मला कुणी विचारील — आणि मग नोकरी जाईल — ही भीती होती, खरंच होती. पण आणखी एक होतं, आणि ते मला जास्त झोंबतं. मला बघायचं होतं. दोन पायाळू, एक लॉरीत, एक माळावर. वीज कुणाकडं जाते? मी ताडपत्रीच्या फटीला डोळा लावून बघत होतो.

वीज पडली ती लांबच्या बाभळीवर. गारा मात्र भिकाजीवर पडल्या, लिंबाएवढ्या. त्यानं वांगी जमिनीवर ओतली आणि टोपली डोक्यावर उपडी धरली. एका गारेनं टोपली फुटली आणि बांबूची कामटी त्याच्या डाव्या डोळ्यात शिरली. मी त्याला मंगरूळच्या दवाखान्यात नेलं. डोळा गेला.

पुढं कितीतरी वर्षं, जिथं वीज पडली असं कानावर येई तिथं मी थांबून विचारायचो — मेलेला पायाळू होता का हो? लोकांना वाटे, काय चौकस ड्रायव्हर आहे! बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येई. त्या उत्तराचं मी काय करणार होतो?

भिकाजी पुन्हा कधी लॉरीत बसला नाही. आठ मैल पायी बाजाराला यायचा. आणि मी दिसलो की वांगी हातात ठेवायचा. "तुमी मले उतरवलं म्हून बाकीचे वाचले, भाऊ. माह्यापायी कोनी मेलं असतं तं मी कसा जगलो असतो?" असं तो मनापासून म्हणायचा.

एकदा पोतं उचलताना माझ्या पाठीत चमक भरली. मला वाकडं चालताना भिकाजीनं त्याच्या एका डोळ्यानं हेरलं. मी नको नको म्हणत असताना त्यानं भर बाजारात मला उपडं निजवलं आणि माझ्या पाठीला तीनदा पाय लावला. फार हळू लावला, दुखू नये म्हणून. तोंड मातीत होतं, बाजाराच्या गलबल्यात कुणी ऐकत नव्हतं. सांगायला त्याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

मी उठलो, धूळ झटकली आणि त्यानं पुढं केलेली वांगी घेतली.