ग्रीस लावलेला जावई

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. ही माहिती मला कुणी द्यायची गरज नव्हती, कारण मी इथल्याच एका कॉलेजात भूगोल शिकवतो. तरीही फेब्रुवारीत होणाऱ्या, समुद्रात पाच किलोमीटर पोहायच्या स्पर्धेला मी नाव दिलं. कारण दिवाळीत सासुरवाडीला माझा मेहुणा बंडू सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजींला पाणी कडक लागतंय बरं का! कोमट असलं तर न्हातच न्हाईत!"

सगळे हसले. सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या. (जावयाला हसायचं तर पदराआड, एवढी रीत तिथं अजून पाळतात.) आता समुद्र पोहून आल्याशिवाय त्या उंबऱ्यात मान वर करून जाता येणार नव्हतं.

मला पोहता येत होतं, म्हणजे मी बुडत नव्हतो. गार पाण्याचा सराव म्हणून वडवणीजवळचं सासऱ्यांचं शेततळं ठरलं. शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा, उतरत्या काठांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. डिसेंबरातली सकाळ, वारा असा की शेजारचा हरभरासुद्धा कुडकुडत होता.

गार पाण्यात लांब पोहणारे अंगाला चरबी फासतात, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. म्हणून सुनंदाकडं, म्हणजे बायकोकडं, तूप मागितलं.

"तूप? अंगाला? डोस्कं फिरलंय का तुमचं?"

मग बंडूनं ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा काढला आणि मला मानेपासून घोट्यापर्यंत चोपडलं. "आता गारठा आत शिरतच न्हाई, दाजी. बेरिंगात कुठं शिरतो?" या युक्तिवादात मला काहीच खोट दिसली नाही. (एम.ए. आहे मी!)

मी कागदावर एक पाय ठेवला. दुसरा ठेवायची वेळ आलीच नाही, मी थेट पाण्यात! बेरिंगात शिरत नसेल, पण प्राध्यापकात गारठा शिरतो. कसाबसा एक फेरा मारला आणि आजचा सराव पुरे, असं ठरवून काठ धरला.

काठ धरता येईना! कागदावर शेवाळ, अंगावर ग्रीस. वीतभर चढायचो अन् हातभर घसरायचो. बंडूनं पालथं पडून माझा हात पकडला, तो साबणासारखा निसटला.

"हातातच येईनात की बे तुमी!"

(मेहुण्यानं जावयाला 'बे' म्हणायचं नसतं. पण तेव्हा रीतसुद्धा हातातून निसटली होती.)

बंडूनं बैलाचा कासरा टाकला, तोही बोटांतून सरकला. धडपडीत मी काठापासून आत गेलो. बोटं मिटेनात, दात वाजायचे थांबेनात. आता मात्र मी खरोखर घाबरलो. बंडूनं बोंब ठोकली आणि अख्खं घर शेततळ्यावर आलं. सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं, च्या तिकडंच देऊ का?"

सुनंदा पुढं आली. पदर खोचला, कासऱ्याचं टोक कमरेला बांधलं आणि सरळ पाण्यात! लुगड्यासकट, ग्रीसबिगर, सरसर हात मारत ती आली. बरं, मुकाट्यानं नाही! पोहताना मला श्वास पुरत नव्हता. तिला तो पोहता पोहता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायलाही पुरला.

"कावून आलात इथं? कुणी सांगितलं व्हतं? घरी बादलीत बसायचं व्हतं!"

ती लहानपणी याच गावच्या विहिरीत दुपार-दुपार पोहायची, हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं. याची लाज मला त्या थंडीतही वाटली.

तिनं मला काठाशी आणलं, पण वर ओढताना मी पुन्हा निसटलो. "आई, चुलीतली राख आण! मरळ मासा राखेबिगर हातात येत न्हाई!"

सासूबाई टोपलंभर राख घेऊन धावल्या. उघड्या जावयाकडं बघायचं नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवून टोपलं उपडं केलं. सगळी राख माझ्या तोंडावर. खोकत खोकत, मानेला धरून का होईना, मी एकदाचा धरणीला लागलो.

उन्हात बसवून बंडू मला डिझेलनं पुसत होता. "दाजी, ऱ्हायलेले किलोमीटर कवा पोहायचे?"

मी काही बोलायच्या आत केस पिळत सुनंदा म्हणाली, "मी पोहते."

आणि पोहलीच की! जानेवारीभर रोज त्याच शेततळ्यात. फेब्रुवारीत समुद्रावर सगळी सासुरवाडी जीप भरून आली. माझ्या जागी नाव दिलेली सुनंदा रांगेत उभी, तिचा टॉवेल माझ्या खांद्यावर. सासरे शेजारच्या अनोळखी माणसाला माझी ओळख करून देत होते, "हे आमच्या सुनंदाचे मिस्टर."

शिट्टी व्हायच्या आधी तिनं वळून विचारलं, "अहो, पाणी कसं हाय, बघा की."

मी पुढं झालो, एक बोट बुडवलं, काढलं आणि कानटोपी खाली ओढत जाणकारासारखं म्हणालो, "लई गार आहे. तू हो पुढं, मी आहेच!"